स्क्वेअर फुटाचा दर स्वस्त का दिसतो: घरबांधणीच्या चार ठेक्यांचं परीक्षण

घर बांधायला काढलं की ठेकेदाराकडून पहिला कागद येतो तो बहुधा एका ओळीचा. इतके स्क्वेअर फूट, गुणिले इतका दर, बरोबर एवढी रक्कम. गुणाकार सहसा चुकलेला नसतो. गोम असते ती गुणलेल्या दोन आकड्यांत, आणि तिच्याबद्दल कागदावर चकार शब्द नसतो.

ठेका देण्याच्या चार रूढ पद्धती आहेत: साहित्यासह स्क्वेअर फुटाने, नुसत्या मजुरीवर, आयटम रेटने (प्रत्येक कामाला वेगळा दर), आणि झालेल्या खर्चावर टक्केवारीने. चौघींना इथे एकच कसोटी लावली आहे. सुरुवातीला सांगितलेली रक्कम आणि शेवटचं बिल यांत फरक पडला, तर तो नेमका कुठून आला हे घरमालकाला टेपने मोजून किंवा काट्यावर तोलून दाखवता येतं का? फरक पडणारच नाही अशी हमी देणारा ठेका बाजारात नाही. तशी हमी कुणी ठेकेदार देतोच म्हणाला, तर त्याने तो धोका आधीच दरात चढवलेला असतो.

साहित्यासह, स्क्वेअर फुटाने

सर्वांत जास्त चालणारा प्रकार हाच, कारण समजायला सोपा आणि घासाघीस करायलाही. अडचण मापापासूनच सुरू होते.

३० बाय ४० फुटांचं तळमजल्याचं घर धरू. भिंतींच्या बाहेरून बाहेर मोजलं तर १२०० स्क्वेअर फूट. ९ इंची बाहेरच्या भिंती वजा केल्या तर २८.५ गुणिले ३८.५, म्हणजे १०९७. आतल्या भिंती काढल्या की प्रत्यक्ष पाय ठेवायची जागा हजार-साठच्या आसपास उरते. आता स्लॅब चारी बाजूंनी २ फूट बाहेर काढलेला असेल आणि ठेकेदार ‘स्लॅब एरिया’ने बिल लावत असेल, तर माप होतं ३४ गुणिले ४४, म्हणजे १४९६. घर तेच, दर तोच, बिल जवळजवळ २५ टक्क्यांनी वर.

बाहेर काढलेल्या स्लॅबला काँक्रीट, सळई, सेंटरिंग (ओततानाचा तात्पुरता साचा) लागतं, तो फुकटात होत नाही, हे कबूल. पण त्याच्याखाली पाया नाही, भिंत नाही, फरशी नाही, वायरिंग नाही. त्याला पूर्ण दर लावणं म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे. अर्धा दर किंवा वेगळा आयटम हा रास्त तोडगा. पोर्च, बाल्कनी, गच्चीवरची हेडरूम (जिन्यावरची खोली), दोन मजली घरात जिन्याची जागा एकदा धरायची की दोनदा, सगळीकडे हाच वाद उभा राहतो. त्यामुळे करारात दराच्या आधी मापाची व्याख्या हवी. त्याहून पक्कं काम म्हणजे नकाशाच्या एका प्रतीवर बिलात धरायचा भाग रंगवून घ्यायचा, आकडा तिथेच लिहायचा आणि खाली दोघांच्या सह्या.

मापाचं मिटलं की दराकडे यायचं. दोन ठेकेदारांच्या दरांत फरक असतो तेव्हा बहुतेक वेळा एक जण महाग नसतो, दोघं दोन वेगळी घरं विकत असतात. वरच्याच घराचा ५ इंची स्लॅब घ्या. १२०० स्क्वेअर फुटांचा स्लॅब म्हणजे ५०० घनफूट, १४.१६ घनमीटर काँक्रीट. एम २० या ग्रेडच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडी यांचं १:१.५:३ हे प्रमाण ठेवलं तर घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट लागतं, म्हणजे पूर्ण स्लॅबला ११४ पोती, शिवाय २.१ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू आणि ४.२ ब्रास खडी. तोच स्लॅब १:२:४ ने ओतला तर ९० पोत्यांत भागतं. २४ पोत्यांचा फरक, आणि फळ्या काढल्यावर दोन्ही स्लॅब दिसायला सारखेच. कोटेशनमध्ये नुसतं ‘उत्तम प्रतीचं आरसीसी काम’ (आरसीसी म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट) लिहिलेलं असेल तर कुठलं प्रमाण मिळेल हे सांगायला ज्योतिषी नको.

हे जागेवर तपासायचं कसं? सिमेंटचं ५० किलोचं पोतं म्हणजे जवळपास ३५ लिटर घनफळ. तेवढ्याच मापाची लोखंडी किंवा लाकडी फर्मापेटी जागेवर ठेवायला लावा: एका पोत्याला दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. घमेल्याने मोजलं की हिशेब हातचा जातो, कारण घमेलं सपाट भरलं की शिगोशीग हे भरणाऱ्या बिगाऱ्याच्या मूडवर. स्लॅबच्या दिवशी रिकामी बारदानं एका कोपऱ्यात जमवून संध्याकाळी मोजली तर तो त्या दिवसाचा सगळ्यात भरवशाचा आकडा. तयार काँक्रीट गाडीने येणार असेल तर पोत्यांची मोजणी लागू नाही. तिथे प्रत्येक गाडीच्या चलनावर ग्रेड, घनमीटर आणि मिसळल्याची वेळ पाहायची.

दरात काय नाही, हा याहून मोठा खड्डा. स्क्वेअर फुटाच्या दरात सहसा न बसणारी कामं अशी: कंपाउंड वॉल आणि फाटक, सेप्टिक टँक व शोषखड्डा, जमिनीखालची पाण्याची टाकी, बांधकामापुरती वीज आणि पाणी, खिडक्यांचं ग्रिल, किचन ओट्याखालचे कप्पे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरची फरसबंदी, राडारोडा उचलणं, आराखड्याची आणि परवानगीची फी. यातलं एकेक काम किरकोळ वाटतं. एकत्र केलं की घराच्या खर्चात सहज पाचवा हिस्सा निघतो. ‘समाविष्ट’ यादीपेक्षा ‘समाविष्ट नाही’ ही यादी ठेकेदाराकडून लिहून मागा. प्रामाणिक ठेकेदार ती दहा मिनिटांत लिहून देतो.

आणि जमिनीखालचं काम. दरात पाया ‘५ फुटांपर्यंत’ आणि जोतं ‘२ फुटांपर्यंत’ धरलेलं असतं. १२ फूटिंग (कॉलमखालचे पाये), प्रत्येकी ५ बाय ५ फूट आणि ५ फूट खोल, म्हणजे १५०० घनफूट, १५ ब्रास खोदाई. पक्का थर ७ फुटांवर लागला तर आणखी ६ ब्रास. वाढलेल्या कॉलमचं काँक्रीट जेमतेम २०-२२ घनफूट, त्याने कुणी बुडत नाही. पैसे जातात ते खड्ड्याच्या ढासळणाऱ्या बाजू सावरण्यात, पाणी उपसण्यात आणि तो सगळा खड्डा परत थराथराने भरून ठोकण्यात. वरच्या थरात फुगणारी चिकणमाती असेल तर ती परत भरता येत नाही, मुरूम बाहेरून आणावा लागतो. उलट २ फुटांवर कातळ लागला तर ब्रेकरचे तास सुरू.

जोत्याचं तेच. रस्त्याची पातळी पाहून जोतं फूटभर उंच घ्यायचं ठरलं, तर आतल्या ११०० स्क्वेअर फुटांत ठोकून बसलेला ११ ब्रास मुरूम लागतो. सैल मुरूम ठोकल्यावर दबतो म्हणून आणायचा साधारण १४ ब्रास. वर बाहेरच्या भिंतींचं १०० घनफूट बांधकाम आणि दाराशी दोन पायऱ्या जास्त. कोटेशन घेण्याआधी प्लॉटवर दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घेणं आणि जोत्याची पातळी रस्त्याच्या संदर्भाने लिहून ठेवणं, याइतका स्वस्त विमा घरबांधणीत दुसरा नाही. पातळी अशी लिहायची: ‘फाटकासमोरच्या रस्त्याच्या मध्यापासून इतके इंच वर’. ‘जमिनीपासून २ फूट’ याला अर्थ नाही, कारण उताराच्या प्लॉटवर जमीन कुठली?

कौल: सोबत पाच-सहा पानांचं स्पेसिफिकेशन, रंगवलेला नकाशा आणि ‘नाही’ची यादी असेल तर चालण्याजोगा. एका ओळीचा असेल तर तो दर फक्त तोंडओळखीपुरता.

मजुरीवर

साहित्य मालकाचं, हात ठेकेदाराचे. कागदावर सर्वांत स्वस्त, आणि रोज जागेवर उभं राहून खरेदी, मोजणी, साठवण सांभाळणारं घरचं माणूस असेल तर खरोखर स्वस्त पडू शकतो. नसेल तर चौघांत सर्वांत महाग हाच.

कारण सोपं आहे. या ठेक्यात चुकीची किंमत ठेकेदाराच्या खिशातून जात नाही. वीटकाम ओळंब्यात नसेल तर ते प्लास्टरने सरळ करतात. १२ मिलिमीटरचा गिलावा २० मिलिमीटर झाला तर ३००० स्क्वेअर फुटांवर १:६ ने (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) सुमारे १२ पोती सिमेंट आणि ९० घनफूट वाळू जास्त जाते. साहित्यासह ठेक्यात हेच नुकसान ठेकेदाराचं, म्हणून तिथे मिस्त्री आपोआप दोरी आणि ओळंबा जास्त वेळा लावतो. मजुरीच्या ठेक्यात तशी अट लिहावी लागते: जाडी ठरल्यापेक्षा ५ मिलिमीटरहून जास्त झाली तर जादा साहित्य मजुरीतून वजा. खोलीच्या दोन कोपऱ्यांत आणि मध्ये प्लास्टरचे ठिय्ये (जाडी ठरवणारे छोटे ठोकळे) मारून झाले की, गिलावा सुरू होण्याआधी, त्यांची जाडी पट्टीने पाहायची. नंतर भिंत फोडून कोण बघणार?

वाळू घेताना ओलाव्याकडे लक्ष हवं. पाचेक टक्के ओलावा असला की बारीक वाळू पाव हिश्श्याने किंवा त्याहून जास्त फुगते. ५ ब्रासची ओली गाडी म्हणजे कोरडी ४ ब्रास. गाडी रिकामी होण्याआधी आतली लांबी, रुंदी आणि चार कोपऱ्यांत व मध्ये सळई खुपसून सरासरी खोली घ्या. मध्ये ढीग आणि कडेला खड्डा हा जुना खेळ आहे. सिमेंट एका वेळी महिनाभराच्या कामापेक्षा जास्त भरू नये. तीन महिने पडून राहिलेलं सिमेंट ताकद गमावतं, आणि पोत्यात खडे झालेलं तर स्लॅबला नकोच.

मजुरीच्या दरात कोणती अवजारं येतात हेही विचारून घ्या. सेंटरिंगच्या प्लेटा, टेकू, मिक्सर, व्हायब्रेटर, पायाड, तराफे कुणाचे? पाणी मारायला माणूस कुणाचा? हे राहिलं की मजुरीचा स्वस्त दर पहिल्या स्लॅबलाच उघडा पडतो.

आयटम रेट

इथे घर स्क्वेअर फुटांत नसतं. ते खोदाई, पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), आरसीसी, सळई, सेंटरिंग, वीटकाम, गिलावा, फरशी, पॉइंट असं मोडलेलं असतं. प्रत्येकाचं एकक वेगळं, परिमाण वेगळं, दर वेगळा. काम होईल तसं मोजायचं आणि तेवढ्याचेच पैसे. वरच्या कसोटीवर हा ठेका सहज पहिला येतो. पण त्याला एक गोष्ट लागते जी बहुतेक जण वाचवायला बघतात: आरसीसीचं पूर्ण डिझाइन आणि त्यावरून काढलेलं परिमाणपत्रक, म्हणजे कुठलं काम किती याची यादी, काम सुरू होण्याआधी. ते ठेकेदाराकडून करून घेऊ नका. ज्याला पैसे मिळणार त्यानेच मोजमाप ठरवलं तर आयटम रेट आणि स्क्वेअर फूट यांत फरक उरत नाही.

परिमाणपत्रक हातात आलं की तीन-चार ओळी आधी तपासा. सळईची ओळ सर्वांत मोठी, म्हणून तिथून. घरगुती स्लॅबमध्ये सळई काँक्रीटच्या घनफळाच्या साधारण पाऊण ते १ टक्का असते; १ टक्का म्हणजे घनमीटरला ७८.५ किलो. आपल्या १४.१६ घनमीटरच्या स्लॅबला सुमारे ११०० किलो. बीम-कॉलममध्ये टक्केवारी याच्या दुप्पटही जाते. आकडा यापासून फार लांब असेल तर डिझाइन करणाऱ्याला कारण विचारा. कारण असूही शकतं.

मग वजन कसं धरायचं ते. सळईचं मीटरला वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२: ८ मिलिमीटरला ०.३९५ किलो, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८९, १६ ला १.५८. कारखान्यातून येणारी सळई या वजनापेक्षा थोडी हलकी किंवा जड असू शकते, मानकात तशी मुभा असते. १० मिलिमीटरपर्यंत ७ टक्के, १६ पर्यंत ५ टक्के. माल ५ टक्के हलका आला आणि बिल सूत्राने लावलं, तर ११०० किलोत ५५ किलो सळई कधी आलीच नाही तरी पैसे गेले. उपाय साधा: सूत्राचं वजन आणि काट्याचं वजन यांतलं जे कमी ते धरायचं, काट्याची पावती बिलाला जोडायची. कापून उरलेले तुकडे, बाइंडिंग वायर (टनाला ८ ते १० किलो), खुर्च्या आणि कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे आधार) दरातच, असं लिहून घ्यायचं. जोडाची लांबी, म्हणजे लॅप, ड्रॉइंगमध्ये दाखवली असेल तेवढीच मोजायची.

वजावटीच्या नियमांवरही भांडणं होतात. वीटकामात दारं-खिडक्या वजा होतात, लिंटेल (दारा-खिडकीवरची आडवी तुळई) आणि बीम आरसीसीत मोजले असतील तर तेही. गिलाव्यात रूढ पद्धत अशी: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजा करायचा नाही, अर्धा ते ३ चौरस मीटरच्या खिडकी-दाराची एकाच बाजूची वजावट, कारण दुसऱ्या बाजूच्या बदल्यात कडांचा गिलावा फुकट होतो, ३ चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजूंची वजावट आणि कडा वेगळ्या मोजायच्या. ४ बाय ४ फुटांची खिडकी दीड चौरस मीटरची, म्हणजे मधल्या गटात. दहा-बारा खिडक्यांच्या घरात हा नियम आधी ठरलेला नसला की शेवटच्या बिलाच्या दिवशी आवाज चढतो.

या ठेक्यातली खरी चलाखी वेगळीच आहे आणि ती अनुभवी माणसालाच दिसते. परिमाणपत्रकात ज्या कामाचं माप कमी लिहिलंय पण वाढण्याची शक्यता आहे, तिथे ठेकेदार दर चढा लावतो. जिथे माप जास्त लिहिलंय पण घटेल, तिथे दर पाडतो. एकूण बेरीज सर्वांत कमी दिसते, ठेका त्यालाच मिळतो. उदाहरणार्थ ‘कातळातली खोदाई, १ ब्रास’ या ओळीला भरमसाट दर; मग कातळ निघतो ८ ब्रास. म्हणून कोटेशनची बेरीज जुळवू नका, ओळीओळीने तीन ठेकेदारांचे दर शेजारी ठेवा. एखाद्या ओळीत एकाचा दर बाकीच्यांच्या दीडपट असेल तर तीच ओळ जमिनीवर जाऊन तपासा. आणि अट घाला: माप पत्रकापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर वरच्या भागाचा दर नव्याने, साहित्य अधिक मजुरी अधिक ठरलेला नफा या हिशेबाने. नफा आणि वरखर्च मिळून १० ते १५ टक्के ही सर्वमान्य मर्यादा.

कौल: डिझाइनची फी द्यायची तयारी असेल आणि पंधरवड्याला एकदा मोजणीला उभं राहणारा इंजिनिअर असेल, तर हाच घ्या.

खर्चावर टक्केवारी

झालेला खर्च अधिक ठरलेले टक्के. खर्च जितका वाढेल तितकी ठेकेदाराची कमाई वाढते, यापुढे वेगळं सांगायला नको. जुन्या घराची मोठी डागडुजी, जिथे भिंत उघडल्याशिवाय काम कळतच नाही, तिथे हा प्रकार समजण्यासारखा. नव्या घराला घ्यायचाच झाला तर टक्केवारीऐवजी ठोक मेहनताना ठरवा, खर्चाला वरची मर्यादा घाला आणि प्रत्येक खरेदीचं मूळ बिल मागा.

मूळ दराची अट

स्क्वेअर फुटाच्या आणि आयटमच्या, दोन्ही ठेक्यांत फरशी, नळ, कमोड, स्विच, दारं ही ‘बेसिक रेट’वर असतात. टाइलचा मूळ दर अमुक, त्यावर निवडलीत तर फरक तुमचा. वाचायला सरळ. प्रश्न असे पडतात: त्या मूळ दरात कर, वाहतूक, उतरवणी धरली आहे का? मूळ दरापेक्षा स्वस्त टाइल निवडली तर फरक परत मिळणार का? फरक कुठल्या मापावर, लागलेल्या की आणलेल्या? सरळ बसवणीत ५ टक्के आणि तिरक्या बसवणीत १० टक्के तूट धरतात. मोठ्या टाइल छोट्या खोलीत याहून जास्त खातात.

बजेट करताना हमखास विसरतात ते स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी) आणि डॅडो (भिंतीवरच्या टाइल). सगळ्या खोल्यांचा परीघ, दारं वजा करून, २७० फूट असेल तर ४ इंची स्कर्टिंगला ९० स्क्वेअर फूट टाइल जाते. ५ बाय ८ च्या बाथरूमची जमीन फक्त ४० स्क्वेअर फूट. पण ७ फुटांपर्यंत डॅडो घेतला तर दार वजा करून १६४ स्क्वेअर फूट, चौपट. डॅडो छतापर्यंत न्यायची हौस आली की आणखी ७५-८०. करारात डॅडोची उंची आकड्यात असली पाहिजे.

विजेचे पॉइंट खोलीनिहाय मोजून लिहा. वायरची जाडीही: दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटर. इन्व्हर्टरची वेगळी लाइन, बाहेरचे दिवे, टाकीच्या मोटारीची केबल ही नेहमीची राहून गेलेली कामं. भिंतीत नळी टाकून गिलावा झाल्यावर पॉइंट वाढवणं म्हणजे फोडणं, भरणं, पुन्हा पुट्टी. तिथे ठेकेदार दुप्पट मागतो आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

हप्ते

कुठलाही ठेका असो, बजेट बुडतं ते बहुतेकदा हप्त्यांच्या वेळापत्रकात. ठेकेदाराचा नेहमीचा प्रस्ताव: उचल १५, जोत्याला २०, स्लॅबला २५, वीटकामाला १५, गिलाव्याला १५, उरलेले १० शेवटी. स्लॅबपर्यंत ६० टक्के पैसे गेले, तर तळमजल्याच्या घराचं प्रत्यक्ष काम तिथवर ढोबळमानाने ४० टक्के झालेलं असतं. गिलाव्यानंतर फरशी, दारं-खिडक्या, नळकाम, वायरिंग, रंग असं सगळ्यात खर्चिक काम उभं, आणि ठेकेदाराला मिळायचे फक्त १० टक्के. मग मिस्त्री दुसऱ्या साइटवर दिसायला लागतो. दर वेळी ती लबाडीच असते असं नाही. त्याच्या हातात पैसेच नसतात, तुमचे आधीच दुसऱ्याच्या स्लॅबमध्ये गेलेले असतात.

चालण्यासारखी वाटणी अशी: उचल ५, फूटिंगला ७, जोत्याला ८, कॉलमला ५, स्लॅबला १५, वीटकामाला १२, आतबाहेरच्या गिलाव्याला १२, नळकाम-वायरिंगला ८, फरशी-डॅडोला १०, दारं-खिडक्यांना ६, रंगाला ५, ताबा देताना २ आणि राखून ठेवायचे ५. स्लॅबचा हप्ता दोन तुकड्यांत द्या: अर्धा ओतल्यावर, अर्धा टेकू काढून खालची बाजू पाहिल्यावर. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस हवेत. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४. ठेकेदाराला प्लेटा दुसरीकडे न्यायच्या असतात, तुमचा अर्धा हप्ता त्याला थांबवतो. पाइपांचा हप्ता टाइल लावण्याआधी दाब देऊन तपासणी झाल्यावर, आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग निदान २४ तास पाणी साचवून, खालून कोरडं दिसल्यावर.

भाववाढ आणि जादा काम

काम वर्षभर चालणार असेल तर ‘दर शेवटपर्यंत कायम’ यावर फार विसंबू नका. सळई खूप महागली की असा ठेकेदार एक तर काम रेंगाळवतो, नाही तर माल हलका करतो. त्यापेक्षा सिमेंट आणि सळईचा करारदिवशीचा भाव लिहून ठेवा; ५ टक्क्यांपर्यंतचा चढउतार ठेकेदाराचा, त्यापुढचा मालकाचा, आणि भाव उतरला तर परतावाही. यात एक आकडा हटकून राहतो: किती टनांवर आणि किती पोत्यांवर? परिमाणपत्रकातले आकडे इथे कामी येतात. ते नसतील तर ढोबळ ठोकताळा असा की स्क्वेअर फुटाला सिमेंट ०.४ पोतं आणि सळई ४ किलोच्या आसपास, म्हणजे १२०० स्क्वेअर फुटांना ४८० पोती आणि ४.८ टन. भाववाढीची वरची मर्यादा ठरवायला हा चालेल, बिल द्यायला नाही.

जादा कामाची चिठ्ठी कामाच्या आधी. काम काय, माप काय, दर काय, मुदत किती वाढणार, दोन सह्या. मेसेजवर लिहिलं तरी चालतं, तोंडी चालत नाही. बजेटमध्ये १० टक्के बाजूला काढायचे ते जमिनीखालच्या अडचणींसाठी आणि राहून गेलेल्या कामांसाठी. भारी टाइल आणि झुंबराचे पैसे त्यात धरले की पाया खोदतानाच तिजोरी रिकामी. हौसेची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. वाढलेल्या प्रत्येक महिन्याचं भाडं आणि कर्जाचं व्याजही घराच्याच खर्चात येतं. उशिराचा दंड लिहायचा तर तो निदान या दोन्हींच्या बेरजेइतका असावा, नाही तर ते कलम शोभेचं.

राखलेले ५ टक्के एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर द्यायचे. त्याआधी गच्चीवर पाणी साठतं का, खिडक्यांच्या खालच्या कडेने ओल येते का, वीटकाम आणि बीम मिळतात तिथे आडवी चीर गेली आहे का, हे पाहा. ती चीर गिलावा करताना सांध्यावर जाळी न मारल्यामुळे पडते. जाळीची ओळ परिमाणपत्रकात होती का तेही बघून ठेवा, म्हणजे दुरुस्ती कुणाच्या खर्चाने ते विचारावं लागणार नाही.